ईव्हकडे कागदपत्रं नव्हती

फ्रान्सच्या आग्नेय टोकाला, इटलीला खेटून, मांतों नावाचं समुद्रकाठचं छोटं शहर आहे. वस्ती तीसेक हजारांची. तिथले लोक आपल्या लिंबांबद्दल एक कथा सांगतात. आदम आणि ईव्ह यांना स्वर्गोद्यानातून हाकलून दिलं, तेव्हा ईव्हने निघता निघता एक लिंबू चोरून सोबत घेतलं. आदम देवाच्या भीतीने म्हणाला, टाकून दे. ती म्हणाली, टाकीन, पण कुठे ते मी ठरवीन. डोंगर, वाळवंटं, मैदानं पालथी घालत दोघं गाराव्हानच्या उपसागराशी आली. तिथली हवा, तिथला उतार आणि तिथलं निळं पाणी पाहून ईव्हला मागे सोडलेल्या बागेची आठवण झाली. तिने लिंबू तिथे पेरलं आणि मांतों जन्माला आलं.

पर्यटकांना ही कथा मोठ्या हौसेने सांगितली जाते. गोड कथा आहे, शिवाय लिंबाचा मुरंबा आणि लिंबाचं मद्य विकायला ती उपयोगी पडते. तिचा सरळ अर्थ मात्र कुणी काढत नाही. या गावाची आद्य जोडी हाकलून दिलेली होती. तिच्याजवळ ना परवाना होता ना पैसा, होता तो चोरीचा एक जिन्नस. आणि ती उतरली गाराव्हानला.

गाराव्हान हा आज मांतोंचा पूर्वेकडचा भाग आहे. तिथे एक छोटं रेल्वे स्टेशन आहे. इटलीतल्या व्हेंतिमिल्याहून निघालेली लोकल फ्रान्समध्ये शिरल्यावर पहिल्यांदा थांबते ती इथे. २०१५ पासून या फलाटावर फ्रेंच पोलीस गाडीत चढतात, डबे आणि शौचालयं तपासतात, आणि कागद नसलेल्यांना उतरवून सीमेवरच्या चौकीत नेतात. तिथून त्यांची रवानगी पुन्हा इटलीत होते. सुदान, एरिट्रिया, अफगाणिस्तान, आयव्हरी कोस्ट अशा ठिकाणांहून वाळवंट आणि समुद्र ओलांडून आलेली ही माणसं असतात. त्यांत एकटी आलेली अल्पवयीन मुलंही असतात.

देशाला सीमा असावी की नसावी, या वादात मला पडायचं नाही. माझा मुद्दा त्याहून लहान आणि बहुधा जास्त अडचणीचा आहे. ज्या गावाने दीडशे वर्षांहून अधिक काळ परक्यांच्या येण्यावर आपली चूल पेटती ठेवली, त्याला 'परके नकोत' म्हणण्याचा हक्क इतर कुठल्याही गावापेक्षा कमी आहे. एखाद्या आडबाजूच्या, स्वतःच्या शेतीवर जगणाऱ्या खेड्याने पाहुण्याला दार लावलं तर ते मी एक वेळ समजून घेईन. मांतोंने लावलं तर त्याचा जमाखर्च मागायला हवा.

तर जमाखर्च.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मांतों हे लिंबांवर आणि ऑलिव्हवर जगणारं गाव होतं. मागे आल्प्सचे कडे जवळजवळ समुद्रापर्यंत उतरलेले, त्यामुळे उत्तरेचा गार वारा अडतो आणि लिंबाला न मानवणारी थंडी इथे क्वचितच पडते. मालक होते मोनाकोचे ग्रिमाल्दी राजे. त्यांचा कर जबर होता. पाचव्या ओनोरे राजाने तर पावाचा मक्ताच दिला होता, म्हणजे प्रजेने ठरलेल्या ठिकाणचाच पाव विकत घ्यायचा. १८४८ मध्ये सगळा युरोप पेटला तेव्हा मांतों आणि शेजारच्या रोकब्रून या दोन गावांनी मोनाकोचं जू झुगारून स्वतःला मुक्त नगरं जाहीर केलं आणि सार्डिनियाच्या राजाचं संरक्षण घेतलं. १८६० मध्ये मतदान होऊन ती फ्रान्सकडे गेली. पुढच्या वर्षी मोनाकोच्या राजाने चाळीस लाख फ्रँक घेऊन आपला हक्क सोडला. बहुतेक मुलूख असा हातचा गेल्यावर त्याने उरलेल्या खडकावर जुगाराचा अड्डा वाढवला, पण ती गोष्ट वेगळी.

आज जी सीमा अनादिकालापासून आखलेली असावी अशा थाटात राखली जाते, ती नेमकी याच व्यवहारातून निघाली. राजे, सेनापती आणि नोटरी यांनी ठरवलेली ती रेघ आहे. १९४० ते १९४३ या काळात ती पुसून इटलीने मांतों गिळलंही होतं.

फ्रान्सकडे जाण्याच्या थोडं आधी, १८५९ च्या शरद ऋतूत, जेम्स हेन्री बेनेट नावाचा एक इंग्रज डॉक्टर मांतोंला आला. स्त्रीरोगांचा नामांकित तज्ज्ञ, पण स्वतः क्षयाने पोखरलेला. मरायचंच तर जरा उबेत मरावं, एवढ्याच हिशेबाने तो आला होता. हिवाळा संपला आणि हा माणूस काही मेला नाही. मग दर हिवाळ्यात येऊन त्याने इथेच दवाखाना थाटला आणि १८६१ मध्ये मांतोंच्या हवेवर पुस्तक लिहिलं. इंग्लंडात आणि जर्मनीत ते वाचलं गेलं आणि खोकणाऱ्या युरोपची रीघ लागली. १८६९ मध्ये रेल्वे पोचली. लिंबांच्या बागांमधून हॉटेलं वर आली. इंग्रजांची चर्चं, जर्मनांचं चर्च, रशियनांचं चर्च, इंग्रजी औषधांची दुकानं, इंग्रजी बँका असं सगळं उभं राहिलं. गावाच्या वर, पाडून टाकलेल्या जुन्या गढीच्या जागी, पायऱ्यापायऱ्यांची दफनभूमी आहे. तिथल्या दगडांवरची वयं वाचत गेलं की अंगावर येतं : एकोणीस, चोवीस, बावीस. रग्बीच्या खेळाची दंतकथा ज्याच्या नावावर सांगतात तो विल्यम वेब एलिसही तिथेच आहे, १८७२ मध्ये गेलेला. त्याचं वय मात्र साठीच्या पुढचं होतं. आणि चित्रकार ऑब्री बिअर्डस्ली याच गावात १८९८ च्या मार्चमध्ये क्षयाने गेला, पंचविसाव्या वर्षी.

रिव्हिएरा नावाच्या या किनारपट्टीचं सगळं आकर्षण, म्हणजे आज ज्याला आपण ताडांच्या रांगा, समुद्राकाठचा फेरफटका आणि फिकट पिवळ्या रंगाची हॉटेलं म्हणून ओळखतो ते, अशा रीतीने आजाऱ्यांच्या सोयीसाठी निर्माण झालं. फेरफटक्याचा रस्ता सपाट, कारण चढ चढताना दम लागे. खोल्या दक्षिणेकडे तोंड करून, कारण ऊन हे औषध. हंगाम हिवाळ्याचा. उन्हाळा सुरू झाला की हॉटेलांना कुलपं लागत. समुद्रात डुंबायला येणारी गर्दी फार उशिरा, विसाव्या शतकात आली.

आता मला खरा महत्त्वाचा वाटतो तो तपशील. क्षय संसर्गाने पसरतो, हे उत्तरेकडचे बहुतेक शिकलेले डॉक्टर मानत नव्हते. दक्षिण युरोपातली साधी माणसं मात्र मानत होती. १८३८ च्या हिवाळ्यात मायोर्का बेटावर संगीतकार शोपां खोकतो आहे हे कळल्यावर घरमालकाने त्याला बाहेर काढलं आणि बिछाना जाळायचा खर्चही त्याच्याच माथी मारला. पॅरिस हसलं, खरं तर घरमालक विज्ञानाच्या दृष्टीने बरोबर होता. पुढे १८८२ च्या २४ मार्चला बर्लिनमध्ये रॉबर्ट कॉखने क्षयाचा जंतू सापडल्याचं जाहीर केलं. गंमत अशी की त्याच मार्च महिन्यात व्हिक्टोरिया राणी मांतोंला मुक्कामाला होती. शाले दे रोझिये नावाच्या बंगल्यात ती उतरली होती. बंगला होता चार्ल्स हेन्फ्रीचा. या हेन्फ्रीचं नाव आपल्याकडच्या रेल्वेच्या इतिहासात सापडतं : दिल्ली-अमृतसर मार्ग बांधणाऱ्या ब्रासी, वाइथ्स आणि हेन्फ्री या कंत्राटदारांतला तो एक. हिंदुस्थानच्या करातून हमी दिलेल्या रुळांवरचा पैसा रिव्हिएराच्या गुलाबवाटिकेत कसा मुरला, यावर एक स्वतंत्र लेख होईल.

राणी आली म्हणजे गावाचं नशीब उघडलं, असं सगळे म्हणतात, आणि ते खोटं नाही. पण कॉखच्या शोधाने एक प्रश्न मांतोंपुढे स्पष्ट मांडला होता. तुमच्याकडे येणारे हे सभ्य, श्रीमंत, गोरे पाहुणे तुमच्या पोरांना मारू शकतील असा रोग घेऊन येतात. पुढच्या काळातल्या वैद्यकीय लिखाणात मांतोंचं उदाहरणच दिलं जाई. एकेकाळी धडधाकट असलेलं हे शेतकऱ्यांचं गाव पाहुण्यांच्या क्षयाने नासलं, आणि आजाऱ्यांचे कपडे धुणाऱ्या बायकांना आधी लागण झाली. त्या उदाहरणात अतिशयोक्ती किती हे बाजूला ठेवू. धोका खरा होता आणि तो माहीत झाल्यावरही मांतोंने गावाच्या वेशीवर पहारा बसवला नाही. गाड्या येत राहिल्या. हॉटेलांची बांधकामं तर १८८२ नंतर आणखी वाढली.

पाहुणा परवडतो की नाही हे त्याच्या रोगाने ठरलं नाही, भाषेने नाही, धर्मानेही नाही. भाडं भरता येतं का, एवढाच प्रश्न होता.

हळूहळू तोही बदलला. खोकणारा पाहुणा न खोकणाऱ्या पाहुण्याला पळवून लावतो हे हॉटेलवाल्यांच्या ध्यानात आलं आणि रिव्हिएराभर रोग्यांना टाळायला सुरुवात झाली. कॅथरिन मॅन्सफिल्ड ही न्यूझीलंडची लेखिका १९१९ मध्ये सीमेपलीकडे सान रेमोच्या हॉटेलात राहिली, तेव्हा तिच्या खोकल्यामुळे व्यवस्थापकाने तिला जायला सांगितलं आणि खोली धुरी देऊन शुद्ध करण्याचा खर्चही लावला. दुसऱ्या वर्षी ती मांतोंला आली. इसोला बेला नावाचं घर तिने भाड्याने घेतलं आणि तिच्या काही उत्तम कथा तिथे लिहिल्या. हे घर गाराव्हान स्टेशनाच्या अगदी लगत आहे. घराखालची एक खोली तिच्या स्मरणार्थ राखली आहे आणि १९७० पासून न्यूझीलंडचे लेखक शिष्यवृत्ती घेऊन तिथे येतात.

स्टेशनालगतच दुसरी एक बाग आहे, फोंताना रोसा. स्पेनचा कादंबरीकार व्हिसेंते ब्लास्को इबान्येस याने ती रंगीत टाइलांनी आणि लेखकांच्या पुतळ्यांनी सजवली. हा माणूस प्रजासत्ताकवादी. १९२३ मध्ये स्पेनमध्ये प्रिमो दे रिव्हेराची हुकूमशाही आल्यावर त्याने बाहेरून तिच्यावर आणि राजावर इतक्या जळजळीत शब्दांत टीका केली की मायदेशी परतणं अशक्य झालं. तो १९२८ मध्ये मांतोंलाच वारला. त्याच्या अस्थी व्हॅलेन्सियाला नेल्या त्या देशात प्रजासत्ताक आल्यावर, १९३३ मध्ये.

म्हणजे एका छोट्या स्टेशनाच्या हाकेच्या अंतरात दुसरीकडून हुसकलेली एक क्षयरोगी बाई आणि एक राजकीय निर्वासित. दोघांच्याही नावाने मांतोंने रस्ते केले आहेत. पोलीस ज्या फलाटावर डबे तपासतात, तिथून बाहेर पडलं की याच रस्त्यांना लागावं लागतं. कुणा व्यंगकाराने हे रचलं असतं तर मी म्हटलं असतं, जरा जास्तच झालं.

मांतोंच्या मिरवण्यासारख्या इतर गोष्टींचंही तेच. बाहेरच्या माणसांचे हात काढून घेतले तर थोडंच उरतं. त्या भव्य हॉटेलांतली बरीचशी हान्स-गेऑर्ग टेर्सलिंग या डॅनिश वास्तुशिल्पीची. दुसऱ्या महायुद्धानंतर त्यांचे फ्लॅट झाले. सेंट मिशेल चर्चसमोर काळ्यापांढऱ्या गोट्यांची नक्षी असलेलं सुंदर अंगण आहे. तिथे उन्हाळ्यात रात्री भरणारा संगीत महोत्सव १९५० मध्ये सुरू केला तो हंगेरीहून आलेल्या आंद्रे बोरोचने. सेर दे ला मादोन ही बाग लॉरेन्स जॉन्स्टनची. आईवडील अमेरिकन, तो स्वतः इंग्रज झालेला. चर्च, जुन्या गल्ल्या, गेरू रंगाच्या भिंती आणि लिंबाचे मळे एवढं गावाचं आपलं. तेही काही कमी नाही. माझ्या मते त्या भिंती हॉटेलांपेक्षा जास्त देखण्या आहेत.

फेब्रुवारीत लिंबांचा उत्सव असतो. १९२९ मध्ये एका हॉटेलवाल्याने आपल्या बागेत फळाफुलांचं प्रदर्शन मांडलं, ते लोकांना आवडलं, आणि १९३४ पासून नगरपालिकेने त्याला उत्सवाचं रूप दिलं. मोठमोठ्या आकृतींवर लिंबं आणि संत्री रबरानं बांधतात. सुमारे १४० टन फळं लागतात आणि त्यांतली बहुतेक स्पेनमधून येतात, कारण मांतोंचं स्वतःचं लिंबू फार थोडं पिकतं आणि महागही असतं. २०१५ मध्ये त्याला युरोपचं भौगोलिक मानांकन मिळालं. असं अस्सल फळ रबराने बांधायला कोण देणार! २०१८ च्या उत्सवाचा विषय होता बॉलीवूड. परदेशाचं कौतुक करण्यात हे गाव कधीच मागे नव्हतं. परदेश चित्ररथावर बसून आला की त्याचं स्वागत होतं. लोकलच्या शौचालयात लपून आला की तो पोलिसांचा विषय होतो.

माझ्या या मांडणीवर आक्षेप येतील. त्यांतला पहिला सर्वांत वजनदार आहे. पाहुणा पैसे देतो, राहतो आणि जातो. आसरा मागणारा राहायला येतो आणि खर्च लावतो. दोघांना एका तागडीत कसं घालता? फरक आहे, मान्य. पण तो वाटतो तितका स्वच्छ नाही. मांतोंचे पाहुणे जात नसत, निदान बरेचसे डोंगरावरच्या दफनभूमीतच राहिले. त्यांनी खर्चही लावला, फक्त तो हॉटेलमालकाच्या वहीत उतरला नाही. धुणं धुणाऱ्या बाईच्या फुप्फुसात उतरला. दुसरं, गाराव्हानला पकडलेल्या माणसांतल्या फार थोड्यांना मांतोंमध्ये राहायचं असतं. त्यांना पॅरिस, कॅले, जर्मनी, इंग्लंड गाठायचं असतं, कारण नातेवाईक किंवा भाषा तिकडे आहे. मांतों त्यांच्यासाठी स्टेशन आहे, मुक्काम नव्हे.

दुसरा आक्षेप : सीमा गाव ठरवत नाही, पॅरिस ठरवतं. हे कायद्याने खरं आहे. पण पॅरिसला धीर येतो तो अशा गावांच्या मतांमुळे. २०२२ मध्ये मांतोंच्या मतदारसंघाने फ्रान्सच्या संसदेत पाठवलेली व्यक्ती स्थलांतरविरोधावर उभ्या असलेल्या पक्षाची होती. मतदान हा लोकांचा हक्क आहे आणि त्यामागे सगळा द्वेषच असतो असं मी म्हणणार नाही. निवृत्त माणसांचं गाव, घरांच्या किमती परदेशी खरेदीदारांनी वर नेलेल्या, दुसरं घर म्हणून घेतलेली आणि वर्षातले बरेच महिने बंद असलेली घरं, नोकरी करणाऱ्या तरुणाला परवडेल अशी जागा मिळण्याची मारामार. राग येण्यासारखं पुष्कळ आहे. फक्त तो राग ज्याने घराची किंमत वाढवली त्याच्यावर निघत नाही. निघतो तो ज्याच्याकडे घर विकत घ्यायची ऐपत कधीच येणार नाही त्याच्यावर.

तिसरा आक्षेप कायद्याचा : बेकायदा शिरणाऱ्याला परत पाठवणं हे कायद्याचं पालनच नव्हे का? इथे पुरावा उलट दिशेला आहे. २०२३ च्या सप्टेंबरमध्ये युरोपीय संघाच्या न्यायालयाने फ्रान्सच्याच प्रकरणात सांगितलं की अंतर्गत सीमेवर तपासणी सुरू केली तरी माणसाला चौकीतून सरळ मागे ढकलता येत नाही. परत पाठवण्याची ठरलेली प्रक्रिया पाळावीच लागते. २०२४ च्या फेब्रुवारीत फ्रान्सच्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने त्यानुसार देशांतर्गत नियमातली तरतूद रद्द केली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये नागरिकांच्या हक्कांसाठी नेमलेल्या फ्रान्सच्या स्वतंत्र अधिकाऱ्याने याच सीमेवरच्या कारभारावर सविस्तर ताशेरे ओढले. अल्पवयीनांना, आसरा मागणाऱ्यांना ऐकून न घेता परत पाठवणं, चौकीत डांबून ठेवणं, दिसण्यावरून माणसं निवडून तपासणं, हे सगळं त्यात आहे. तेव्हा कायदा मोडणारा कोण, हा प्रश्न एकाच बाजूला विचारून भागणार नाही.

दिसण्यावरून निवडण्याचा मुद्दा आपल्यालाही लागू आहे. युरोपच्या सहलीवर गेलेला मराठी माणूस नीसहून इटलीकडे लोकलने जातो, समुद्र डाव्या बाजूला की उजव्या यावर घरच्यांशी वाद घालतो, आणि परत येताना गाराव्हानला पोलीस नेमके त्याच्याचपाशी थांबतात. शेंगेन व्हिसा खिशात असतो म्हणून दोन मिनिटांत सुटका होते. समोरच्या बाकावरच्या जर्मन आजोबांना कुणी विचारत नाही. एवढ्या छोट्या अपमानाची आठवण ठेवली तरी पुरे. आणि घरी आल्यावर गोव्यात 'भायले' कुणाला म्हणतात तेही जरा बघावं. किनाऱ्यावर बंगला घेणाऱ्या दिल्लीकराबद्दल कुरकुर होते, पण पोलिसांकडे नोंदणी, झोपडीवर बुलडोझर, ओळखपत्राची मागणी हे सगळं वाट्याला येतं ते त्याच बंगल्याच्या विटा वाहणाऱ्या मजुराच्या.

मांतोंकडे परत येतो, कारण तिथल्या लोकांना निर्वासितपण पुस्तकातून शिकावं लागत नाही. १९४० च्या जूनमध्ये इटलीने युद्ध पुकारलं, त्याच्या तोंडावर सगळं गाव रिकामं केलं गेलं. माणसं हातात येईल ते घेऊन फ्रान्सच्या दुसऱ्या टोकाला, पिरेनीज पर्वताच्या पायथ्याशी पाठवली गेली. तिथल्या खेड्यांनी त्यांना ठेवून घेतलं. परत आल्यावर घरं लुटलेली होती. त्याच्या दोनच वर्षं आधी मुसोलिनीने ज्यूंविरुद्ध कायदे केले होते, तेव्हा ज्यू कुटुंबं इटलीतून बाहेर पडायला सीमेवरच्या ग्रिमाल्दी नावाच्या इटालियन खेड्यावरून कड्याच्या बाजूने जाणारी एक पायवाट वापरत होती. तिला 'मृत्यूची खिंड' म्हणतात. आज सुदानी पोरं तीच वाट वापरतात. वाट चुकली की कडा आहे. त्याशिवाय महामार्गाच्या बोगद्यांत आणि गाडीच्या टपावर विजेच्या तारांना लागून या सीमेवर माणसं मेली आहेत.

सीमेवरच, इटलीच्या हद्दीत, बाल्झी रोसी म्हणजे तांबड्या कड्यांच्या गुहा आहेत. १८७२ मध्ये तिथे शिंपल्यांचं शिरोभूषण घातलेला, गेरूने माखलेला एक सांगाडा सापडला. वय चोवीसेक हजार वर्षं. 'मांतोंचा माणूस' म्हणून तो जगभर गाजला. पुढे कळलं की तो पुरुष नसून बाई आहे. मांतोंचा तर तो नव्हताच, गुहा इटलीत. आता ती बाई पॅरिसच्या संग्रहालयात असते, म्हणजे सीमा ओलांडण्यात यशस्वी झाली. २०१५ च्या उन्हाळ्यात फ्रान्सने वाट अडवल्यावर शेकडो तरुण याच कड्यांखालच्या खडकांवर महिनोन् महिने तंबू टाकून बसले होते.

या भागात चांगलंही घडलं आहे, ते सांगितलं नाही तर मांडणी खोटी होईल. मांतोंच्या उत्तरेला रोया नदीचं खोरं आहे. तिथल्या सेद्रिक एरू नावाच्या ऑलिव्ह पिकवणाऱ्या शेतकऱ्याने शेकडो स्थलांतरितांना आपल्या शेतावर ठेवून घेतलं. त्याच्यावर खटला भरला, शिक्षा झाली. प्रकरण फ्रान्सच्या घटना परिषदेपर्यंत गेलं आणि ६ जुलै २०१८ रोजी परिषदेने निकाल दिला की प्रजासत्ताकाच्या घोषवाक्यातल्या बंधुतेला घटनात्मक मूल्य आहे. निःस्वार्थ माणुसकीने केलेली मदत, मदत घेणाऱ्याच्या देशातल्या राहण्याला परवाना नसला तरी, गुन्हा ठरू शकत नाही. नगरपालिकांच्या दारावर जवळजवळ दीडशे वर्षं कोरून ठेवलेल्या शब्दाला पहिल्यांदा कायद्याचे दात आले ते या शेतकऱ्यामुळे. मांतोंमध्येच २००५ पासून पॅरिसच्या सियांस पो या नामवंत संस्थेची मध्यपूर्व आणि भूमध्य प्रदेशाचा अभ्यास करणारी शाखा आहे. तिथे जगभरची मुलं अरबी, फारसी शिकतात. त्यांतली काही व्हेंतिमिल्याला जाऊन मदतही करतात. अफगाण राजकारणावर निबंध लिहिणारी मुलगी आणि अफगाणिस्तानातून पळालेला मुलगा एकाच लोकलने येतात आणि एकाच स्टेशनावर वेगळ्या दारांनी उतरतात.

मग करायचं काय? सीमा उघडून टाका अशी मागणी मी मांतोंकडे करत नाही. ते त्याच्या हातात नाही. पण न्यायालयाने सांगितलेलं पाळा, असं नगरपालिका जाहीरपणे म्हणू शकते. अल्पवयीन मुलाला वकील आणि दुभाषा मिळेपर्यंत परत पाठवू नका, असा ठराव करू शकते. आणि पैशांचं एक सरळ काम करू शकते. फ्रान्समध्ये हॉटेलात उतरणाऱ्या प्रत्येकाकडून रात्रीमागे मुक्काम-कर घेतला जातो. कायद्याने तो पर्यटनाच्या कामी लागतो. तो नियम बदलून त्यातला ठरावीक हिस्सा व्हेंतिमिल्यातल्या निवाऱ्याला देता यावा, अशी मागणी सीमेवरच्या शहरांनी करावी. तिथलं रेड क्रॉसचं शिबिर २०२० च्या उन्हाळ्यात बंद झाल्यापासून माणसं नदीवरच्या पुलाखाली झोपत आली आहेत. जेवण, कपडे, औषध यांचा भार कारितास ही कॅथलिक सेवासंस्था आणि स्वयंसेवक यांच्यावर पडला आहे.

व्हेंतिमिल्या इटलीत आहे, आमचा पैसा तिकडे का, असं विचारलं जाईल. डॉ. बेनेटची प्रसिद्ध बाग सीमेपलीकडेच होती आणि त्याचे रोगी तिथे ऊन खायला जात. हॅनबरी कुटुंबाची ला मोर्तोलाची बाग इटलीत आहे. मांतोंला आलेला पर्यटक ती पाहिल्याशिवाय जात नाही. दर शुक्रवारी व्हेंतिमिल्याचा मोठा बाजार भरतो आणि मांतोंचे लोक पिशव्या घेऊन लोकलने तिकडे जातात, कारण चीज, मद्य आणि कातडी पट्टे तिकडे स्वस्त पडतात. संध्याकाळी त्याच गाडीने परत येतात. त्यांच्या पिशव्यांना गाराव्हानला कुणी हात लावत नाही.